खोट्या नावाचा पोलीस, खऱ्या नावाचा तक्रारदार

टॉमी मर्फी या लंडनच्या पोलिसाची नेमणूक परभणी जिल्ह्यात झाली असती, तर दोन दिवसांत त्याचं बिंग फुटलं असतं. मर्फी अर्थातच कल्पनेतला. उत्तर आयर्लंडचे कादंबरीकार कॉलिन बेटमन यांनी अभिनेता जेम्स नेस्बिटला डोळ्यांसमोर ठेवून हे पात्र रचलं आणि बीबीसीवर २००३ ते २००७ या काळात ‘मर्फीज लॉ’ ही मालिका गाजली. मर्फी नाव बदलतो, धंदा बदलतो, गुन्हेगारांच्या टोळीत शिरतो, त्यांच्याबरोबर दारू पितो, त्यांचा विश्वास कमावतो आणि शेवटी त्यांना तुरुंगात घालतो. सुरुवातीला दर भागाला नवं प्रकरण असायचं. पुढे एकच कथा अनेक भाग चालू लागली आणि मालिका खरी रंगली ती तिथे. खोटं आयुष्य महिनोन्‌महिने जगणाऱ्या माणसाचं खरं आयुष्य कसं पोखरलं जातं, हे दाखवायला तेवढी ऐसपैस जागा लागतेच.

आता हाच मर्फी मानवतच्या किंवा पालमच्या एखाद्या हॉटेलात बसवून पाहा. चहा यायच्या आधी शेजारच्या बाकावरून प्रश्न येईल, “पाव्हणे, कोण्या गावचे?” गाव सांगितलं की आडनाव. आडनाव सांगितलं की, “मग अमक्यांचे तुम्ही कोण?” त्या गावात विचारणाऱ्याची बहीण दिलेली असते, नाहीतर साडू राहतो, नाहीतर मागच्या उन्हाळ्यात तो तिथे लग्नाला जाऊन आलेला असतो. लंडनमध्ये खोटं नाव टिकतं, कारण तिथे शेजारच्या घरात कोण राहतं याची चौकशी करणं असभ्य समजलं जातं. आपल्याकडे ती न करणं असभ्य.

म्हणून ज्याला ब्रिटिश मालिकांत छुपा पोलीस म्हणतात, तो इथे कसा काम करत असेल हे पाहण्यासारखं आहे. स्थानिक गुन्हे शाखेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एलसीबीचे, कर्मचारी साध्या वेशात फिरतात, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा गर्दीत पाकीटमारांवर नजर ठेवणारे पोलीस खाकीत नसतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो साठा कोणत्या गोदामात उतरला ते शोधायलाही गणवेश उपयोगाचा नाही. पण ही वेषांतरं तासा-दोन तासांची. चौकात उभं राहायचं, टपरीवर पान खायचं, गाडी ओळखायची, इशारा करायचा. वर्षभर दुसऱ्याच्या नावाने संसार मांडून राहणारा पोलीस आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर नसतो. तशा कामाची पद्धत नाही, आणि त्याला नियमात बसवणारा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही.

गुन्ह्याच्या आतली बातमी मग येते कुठून? बहुतेक वेळा खबऱ्याकडून. तो त्याच गावातला, त्याच आळीतला असतो. त्याला वेषांतराची गरजच नसते. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने या माणसाला कलम १२५ मध्ये भक्कम आडोसा दिला: गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. २०२३च्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद आहे. त्यामुळे आरोपपत्रात ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली’ एवढं एकच वाक्य येतं आणि तो माणूस त्या वाक्याआड कायमचा राहतो. पण मग त्याला साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. मर्फीला शेवटी न्यायालयात जाऊन सांगता येतं की हे मी पाहिलं, हे मी ऐकलं. खबऱ्याला ते जमत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या ज्या एका प्रकरणावर चित्रपटही झाला आणि मालिकाही, त्यात ही अडचण मोठ्या प्रमाणात दिसते. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतमध्ये दहा खून झाले. बळी पडल्या त्या लहान मुली आणि बायका. एक तर वर्षाचं मूल होतं. बाहत्तरच्या दुष्काळाने मराठवाडा आधीच भाजून निघाला होता, त्यात ही दहशत. गुप्तधन आणि नरबळी यांचा आरोप असलेल्या या प्रकरणाच्या तपासासाठी रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. १९६८ मध्ये मुंबईत रामन राघवचा तपास ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, तेच हे अधिकारी. अमोल पालेकरांनी या घटनांवरून १९८१ मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. मग चार दशकांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं, आणि कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मालिकेला आधार कुलकर्णींच्याच ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींच्या पुस्तकाचा. मराठी प्रेक्षकाला पोलिसी मालिकांची ओळख दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’पासूनची आहे. पण गावाच्या आत शिरू न शकणारा शहाणा तपास अधिकारी हा विषय मला तरी ‘मानवत मर्डर्स’मध्येच पहिल्यांदा नीट भेटला.

पडद्यावर तपास संपतो तिथे न्यायालयात तो सुरू होतो. मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली त्यावर निकाल आला. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. निकालपत्र न्या. यशवंत चंद्रचूड यांचं. सरकारचा भर होता तो माफीच्या साक्षीदारांवर, म्हणजे स्वतः कटात असलेल्या आणि माफीच्या बदल्यात खरं सांगायला तयार झालेल्या माणसांवर, आणि आरोपींच्या कबुलीजबाबांवर. न्यायालयाने दोन्ही गोष्टी कसोटीला लावल्या. साथीदाराच्या जबानीला इतर स्वतंत्र पुराव्याचा टेकू असल्याशिवाय तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे, हे तत्त्व पुन्हा ठासून सांगितलं. आणि दंडाधिकाऱ्यांनी कबुलीजबाब नोंदवताना जी पथ्यं पाळायची असतात, ती पाळली गेली का याची बारकाईने तपासणी केली.

गावाच्या आतलं बोलू शकणारा माणूस मिळवायचा, तर तो बहुधा गुन्ह्यातलाच निघतो, आणि मग त्याचा शब्द संशयाने पाहिला जातो. आपल्या व्यवस्थेने या पेचावर शोधलेला उपाय एखाद्या कुशाग्र पोलिसाचा नाही. तो आहे सामान्य नागरिकाला काही तासांपुरता छुपा पोलीस करण्याचा.

याचं सगळ्यात ओळखीचं रूप परभणीच्या वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळतं: लाचेचा सापळा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजेच एसीबी, महाराष्ट्रात १९५७ साली सुरू झाला. परभणीचं पथक नांदेड परिक्षेत्रात येतं. बातमीचा साचा ठरलेला असतो. सातबारावर फेर ओढण्यासाठी, घरकुलाचा हप्ता सोडण्यासाठी किंवा वीजजोडणीसाठी मागणी झाली, तडजोडीअंती आकडा ठरला, पंचांसमक्ष रक्कम स्वीकारली. हा कोरडा मजकूर वाचून आपण पान उलटतो. पण त्यामागे जे नाट्य घडलेलं असतं, त्याची एखादी मालिका अजून कुणी केलेली नाही, याचं मला नवल वाटतं.

तक्रारदार एसीबीच्या कार्यालयात येतो, किंवा १०६४ या क्रमांकावर फोन करतो. लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी. खिशात ध्वनिमुद्रक देऊन त्याला पुन्हा त्या साहेबाकडे पाठवतात आणि सोबत एक पंच जातो. हा पंच म्हणजे दुसऱ्या खात्यातला सरकारी कर्मचारी: कृषी विभागातला लिपिक असेल, पाटबंधाऱ्याचा एखादा कनिष्ठ अभियंता असेल. सकाळी तो आपल्या टेबलावर फायली पाहत होता. दुपारी त्याला अनोळखी माणसाबरोबर अनोळखी कार्यालयात जायचं आहे आणि तिथे जे बोललं जाईल ते लक्षात ठेवायचं आहे. अभिनयाचं शिक्षण शून्य. साहेबाने “हे कोण?” असं विचारलं, तर तक्रारदार म्हणतो, “माझे पाव्हणे.” विषय संपतो. मर्फीला जो प्रश्न दोन दिवसांत उघडा पाडणार होता, तोच इथे पंचाला झाकतो. कारण नाव खोटं असलं तरी हमी खरी आहे: समोरचा साहेब तक्रारदाराला, त्याच्या बापाला, त्याच्या गट नंबरला ओळखतो. आपल्याकडे कामाला कुणी एकटं जात नाही. मेहुणा, चुलतभाऊ, मित्र असं कुणी ना कुणी बरोबर असतंच.

पडताळणीत मागणी झाल्याचं निष्पन्न झालं की सापळ्याची तयारी. नोटा बहुधा तक्रारदाराने आणलेल्या असतात. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात आणि त्यांना पांढरी पूड लावतात. ही पूड फिनॉल्फ्थॅलीनची. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्कली ओळखायला वापरतात तेच हे द्रव्य. आम्लात आणि साध्या पाण्यात त्याला रंग नसतो, पण धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीत त्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं, त्याची प्रकाश शोषण्याची रीत बदलते आणि द्रावण गुलाबी होतं. पूड लावणाऱ्या कर्मचाऱ्याला छापा घालणाऱ्या पथकात घेत नाहीत, कारण त्याच्या हाताची पूड भलतीकडे लागली तर सगळा पुरावा नासतो. तक्रारदाराचा खिसा रिकामा आहे हे पंचांना दाखवून त्यात नोटा ठेवतात. मग सूचना. कुणाशी हात मिळवायचा नाही. नोटांना आधी हात लावायचा नाही. मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत. दिल्यावर ठरलेला इशारा करायचा, म्हणजे डोक्यावरून हात फिरवायचा किंवा रुमालाने तोंड पुसायचं.

बाहेर चहाच्या गाड्यावर, मोटारसायकलवर, झेरॉक्सच्या दुकानात पथकातले लोक पांगलेले असतात. आत काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. साहेब आज रजेवर असू शकतो, त्याला संशय येऊ शकतो, किंवा “पैसे त्याच्याकडे द्या” म्हणून तो टपरीवाल्याकडे बोट दाखवू शकतो. असल्या मध्यस्थाला बातमीत ‘खासगी इसम’ म्हणतात आणि अलीकडे तो बऱ्याच बातम्यांत असतो. इशारा झाला की पथक आत जातं, दोन्ही हात धरतं आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतं. गुलाबी झालेलं पाणी बाटलीत भरून, सील करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातं. महाराष्ट्रात अँथ्रासीनची पूडही वापरतात. तिला पाण्याची गरज नाही. अतिनील दिव्याखाली बोटं, खिसा आणि ड्रॉवरचा कोपरा निळसर चकाकतो.

या नाटकात तक्रारदार मात्र स्वतःच्या खऱ्या नावानिशी उभा असतो. तो लाच देतो आहे, आणि लाच देणं हाही गुन्हाच. मग तो कसा सुटतो? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा. त्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि लाच देणाऱ्यालाही थेट शिक्षेच्या कक्षेत आणलं गेलं. पण त्याच कलम ८ मध्ये सूट दिली: तपास यंत्रणेला आधी कळवून, तिला मदत करण्यासाठी कुणी लाच दिली, तर तो गुन्हेगार नाही. छुप्या पोलिसाला गुन्ह्यात भाग घ्यायची जी परवानगी लागते, ती आपल्या संसदेने तक्रारदाराच्या हाती दिली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

ब्रिटनमध्ये अशा परवानगीचा प्रवास वेगळा झाला. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांनंतर लंडन पोलिसांनी एक गुप्त पथक उभं केलं. त्याचे अधिकारी वर्षानुवर्षं आंदोलकांत मिसळून राहिले. काहींनी लहानपणी वारलेल्या मुलांची नावं घेतली. काहींनी आंदोलक बायकांशी संबंध जोडले, संसार थाटले. पुढे अशाच दुसऱ्या एका पथकातला मार्क केनेडी नावाचा अधिकारी सात वर्षं ‘मार्क स्टोन’ म्हणून पर्यावरणवाद्यांत वावरला आणि २०१० मध्ये उघडा पडला. एकेक प्रकरण बाहेर येऊ लागलं, तेव्हा सरकारला २०१५ साली न्यायिक चौकशी नेमावी लागली. छुप्या हस्तकांनी कामाच्या ओघात गुन्हा करावा की नाही, यावर तिथे २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. ‘मर्फीज लॉ’चे लेखक जे कल्पनेने रंगवत होते, ते त्या बायकांनी सोसलेलं होतं, आणि ते मालिकेपेक्षा कितीतरी क्रूर होतं. आपल्याकडची पद्धत तोकडी आहे, तासाभराची आहे, तरी तिने कुणाच्या घरात खोटा नवरा घुसवलेला नाही.

सापळ्याचीही एक लक्ष्मणरेषा आहे आणि ती आपल्या न्यायालयांनी फार लवकर आखली. १९५४ साली विंध्य प्रदेशच्या एका मंत्र्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावलं. लाच देणाऱ्याकडे पैसे नव्हते आणि उभे करायची ऐपतही नव्हती. ते पोलिसांनीच पुरवले होते. गुन्हा शोधायला सापळा लावा, पण पदरचे पैसे घालून गुन्हा घडवू नका, असा त्याचा अर्थ. एसीबी तक्रारदाराला नोटा आणायला सांगते, त्यामागे हेही एक कारण आहे. रक्कम नंतर शासन परत करतं. पण पाच-दहा हजार अडकून पडणं ही सोयाबीनचे पैसे यायच्या आधी साधी गोष्ट नाही.

खिशातल्या ध्वनिमुद्रकालाही कायद्याची परीक्षा द्यावी लागली. १९६४ मध्ये मुंबईच्या कोरोनरने एका डॉक्टरकडे पैसे मागितले. पोलिसांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला ध्वनिमुद्रक जोडला आणि संभाषण टिपलं. ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७२च्या निकालात ते पुरावा म्हणून ग्राह्य धरलं गेलं. बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने केलेलं ध्वनिमुद्रण ही चोरी नव्हे, हे तेव्हा ठरलं, आणि आज एसीबीच्या पडताळणीला तोच पाया आहे.

सामान्य माणसाने वेषांतर करण्याचं याहून अवघड उदाहरण परभणीच्या सीमेपलीकडे आहे. गंगाखेडहून परळी जवळच. जिल्हा मात्र बीड. गर्भलिंगनिदानाला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, पण ते बंद खोलीत आणि दोघांच्या संमतीने चालतं, त्यामुळे तक्रार करायला कुणी येत नाही. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियान’ने यावर बनावट ग्राहकाचा मार्ग चालवला आणि २०१० मध्ये परळीतल्या एका दवाखान्यात तसा सापळा लावला. इथे कुणी महिला पोलीस सोंग घेऊ शकत नाही, कारण सोनोग्राफीच्या यंत्रासमोर सोंग टिकत नाही. खरोखर गरोदर असलेली बाई लागते. तिने आपलं पोट घेऊन त्या टेबलावर झोपायचं, ‘पहिल्या मुलीच आहेत’ म्हणायचं, बरोबरच्या खोट्या नणंदेकडे बघायचं आणि डॉक्टर काय बोलतो ते ध्यानात ठेवायचं. त्याच दवाखान्यात २०१२ मध्ये गर्भपातात एका महिलेचा जीव गेला, तेव्हा प्रकरण राज्यभर पेटलं. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने संबंधित डॉक्टर दाम्पत्याला १० वर्षांची शिक्षा दिली. पुढे अशी खबर देणाऱ्याला शासनाने एक लाख रुपयांचं बक्षीस ठेवलं. बक्षिसासाठी कुणी त्या टेबलावर झोपेल असं मला वाटत नाही. ज्या बाया गेल्या, त्या कशासाठी गेल्या हे एखाद्या चांगल्या पटकथाकाराने शोधायला हवं.

सापळा यशस्वी झाला, फोटो छापून आला, की लोकांच्या लेखी गोष्ट संपते. तक्रारदार आणि पंच यांच्यासाठी ती तिथे संपत नाही. नुसते हात गुलाबी झाले म्हणून शिक्षा होत नाही. मागणी केली आणि स्वेच्छेने स्वीकारलं, ही दोन्ही पावलं सिद्ध व्हावी लागतात. आरोपीचा वकील म्हणतो, पैसे उसने होते, परत केले. किंवा बळेच खिशात कोंबले. मग पंचाला विचारणा होते: तुम्ही टेबलापासून किती फुटांवर उभे होता? पंखा चालू होता का? आधी कोण बोललं? घटनेला तोवर काही वर्षं लोटलेली असतात, पंचाची बदली झालेली असते, आणि तक्रारदाराची त्या साहेबाच्या भाऊबंदांशी सोयरीकही जुळलेली असू शकते. साक्षीदार फितूर होतो तो नेहमी पैशानेच असं नाही. एकाच तालुक्यात राहायचं असतं.

या अडचणीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी ‘नीरज दत्ता’ प्रकरणात उत्तर दिलं. तक्रारदार मरण पावला, सापडेनासा झाला किंवा उलटला, तरी खटला आपोआप पडत नाही. मागणी आणि स्वीकार हे दुसऱ्या साक्षीदाराच्या जबानीने किंवा परिस्थितीजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतात. या निकालानंतर सापळ्यातलं वजन बरंचसं त्या दुसऱ्या माणसाकडे सरकलं आहे, ज्याला त्या दिवशी ‘माझे पाव्हणे’ म्हणून आत नेलं होतं. आता दुसऱ्याच जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या त्या लिपिकाला परभणीच्या विशेष न्यायालयाचं समन्स येतं, आणि तो जुन्या पंचनाम्याची प्रत काढून आपण कुठे उभे होतो ते पुन्हा वाचायला बसतो.